सावली काचेबाहेर हवी

चैत्र सरून वैशाख लागला, की आपल्या बालाघाटच्या मुलुखात सकाळचे दहा वाजले न वाजले तोच ऊन अंगणात पाय ठेवू देत नाही. वैनगंगेच्या पात्रातली वाळू उघडी पडते, दुपारी बाजार ओस पडतो, आणि पारा ४० अंशांच्या पुढे जाऊन तेथेच ठाण मांडतो. शेतात राबणारा निदान झाडाखाली घटकाभर टेकतो. परंतु घरात जे बसून आहेत, म्हातारी माणसे, बाळंतीण, पाळण्यातले मूल, अंथरुणाला खिळलेला रोगी, त्यांनी कोठे जावे? त्यांना जो काही थंडावा मिळायचा तो घराच्या भिंतींनी आणि खिडक्यांनीच दिला पाहिजे. म्हणून खिडकीला पडदा कोणता लावावा, हा प्रश्न केवळ शोभेचा आहे असे आम्ही मानीत नाही. तो आरोग्याचा आहे, आणि तितकाच घरातल्या पैशाचाही आहे.

गेल्या वैशाखात आम्ही बालाघाट शहराच्या कडेला राहणाऱ्या एका कुटुंबात भर दुपारी गेलो होतो. घर नवे, पक्के, कष्टाने उभे केलेले. पश्चिमेच्या खोलीत घरची आजी खाटेवर पडून होती. खोलीला मोठ्या काचेची खिडकी होती, आणि काचेच्या आतल्या बाजूस वर गुंडाळला जाणारा तुकतुकीत पडदा. घरधन्याने असे पडदे पाचही खिडक्यांना एकदम घेतले होते, तेही हप्त्याने. रंग सुरेख होता, कापड गुळगुळीत होते. पण आम्ही पडद्याला हात लावला, तो चांगलाच तापलेला!

घरची सून खिन्नपणे म्हणाली, “भाऊ, पडद्यांचे हप्ते अजून फिटायचे आहेत, अन् सासूबाईंची खोली होती तशीच भट्टी आहे. आमचं चुकलं तरी कुठं?”

आम्ही उत्तर देणार, इतक्यात तिचा तीन-चार वर्षांचा मुलगा आजीच्या खाटेवर चढला. पडदा वरखाली करण्याची मण्यांची साखळी खिडकीशेजारी लोंबत होती. त्याने ती माळेसारखी गळ्यात घातली आणि खाली उडी घेण्यासाठी गुडघे वाकवले. आजीने ओरडून त्याचा सदरा घट्ट धरला. सुनेने धावत जाऊन साखळी त्याच्या गळ्यातून काढली आणि त्याला पोटाशी धरले. घटकाभर कोणी बोलेना.

त्या घरात त्या दुपारी दोन चुका आमच्या ध्यानात आल्या: एक पैशाची, दुसरी जिवाची. दोन्ही टाळता येण्यासारख्या आहेत, म्हणूनच हा लेख.

ऊन कोठे अडवावे?

पहिली गोष्ट समजून घेऊ. भर उन्हात सूर्याकडे तोंड केलेल्या १ चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट इतकी ऊर्जा पडते; म्हणजे विजेची एक लहान शेगडी पेटवून ठेवावी इतकी. खिडकीवर किरण तिरपे पडतात, म्हणून तेथे हे प्रमाण त्याहून कमी असते, तरी ते थोडके नव्हे. साध्या काचेतून ह्या ऊर्जेचा बहुतेक भाग थेट आत येतो. आत आल्यावर तो पडद्यावर पडतो, पडदा तापतो, आणि तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो. काचेचा स्वभाव असा, की ऊन ती आत येऊ देते, पण तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. पडद्याने डोळ्यांवरची तिरीप थांबते, खोलीचा ताप मात्र फारसा थांबत नाही. पांढरा किंवा फिकट पडदा थोडे ऊन काचेतून परत पाठवतो, म्हणून तो गडद पडद्यापेक्षा बरा, पण तेवढाच.

तोच पडदा काचेच्या बाहेर टांगला, तर काय होते? ऊन त्याच्यावर पडते, तो तापतो, आणि त्याचा ताप बाहेरच्या वाऱ्याबरोबर निघून जातो. काच सावलीत राहते. चोराला माजघरात गाठण्यापेक्षा अंगणाच्या फाटकाशीच अडवावे, हा शहाणपणा उन्हालाही लागू आहे. सावली काचेबाहेर हवी, ह्या तीन शब्दांत ह्या लेखाचे सार आहे. आपल्या पूर्वजांनी वळचण पुढे काढली, पडवी घातली, दारावर चिक सोडला, तो ह्याच जाणिवेने.

ज्यांच्या खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा व गज आहेत, त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. झडपा लावल्या की ऊन बाहेरच राहते. त्यांची अडचण एवढीच, की उन्हाबरोबर उजेड आणि वाराही बंद होतो. ही अडचण कशी दूर करावी ते पुढे सांगतो.

कोणत्या खिडकीला पडदा हवा?

पाचही खिडक्यांना एकसारखे पडदे घेणे, हीच खर्चाची पहिली चूक. सूर्य सर्व खिडक्यांशी सारखा वागत नाही. बालाघाट हे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस, सुमारे २२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे-जून महिन्यांत मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. अशा वेळी दक्षिणेच्या खिडकीवर ऊन फार थोडे पडते. वर हातभर छज्जा असला तरी पुरते. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे झुकतो, आणि डिसेंबरात तोच झरोका कोवळे, हवेहवेसे ऊन घरात आणतो. ते अडवण्याचे कारणच नाही.

खरा त्रास पूर्व आणि पश्चिम खिडक्यांचा. तेथे सूर्य खाली असतो, किरण आडवे येतात, आणि छज्जाला चुकवून थेट खाटेपर्यंत पोचतात. त्यातही पूर्वेचे ऊन सकाळचे. रात्रीच्या गारव्याने घर तोवर थंड असते. पश्चिमेचे ऊन पडते ते दिवसभर तापलेल्या घरावर. म्हणून हाती पैसा थोडा असेल, तर आधी पश्चिमेची खिडकी, मग पूर्वेची. दक्षिणेला छज्जा पाहावा, उत्तरेला बहुधा काही लागत नाही.

हिशेब करून पाहा. खिडकी ३ फूट रुंद व ४ फूट उंच असेल, तर बाहेरचा पडदा चारही बाजूंनी अर्धा फूट मोठा, म्हणजे ४ फूट गुणिले ५ फूट, २० चौरस फूट घ्यावा. पाच खिडक्यांचे १०० चौरस फूट होतात. पश्चिमेच्या दोनच खिडक्यांचे ४०. दर काहीही असो, खर्च निम्म्याहून खाली आला. शिवाय खिडकीत ऊन केव्हा येते व केव्हा जाते, हे घरच्या मुलाने दोन दिवस पाटीवर लिहून ठेवले, तर दुकानदाराला विचारण्याची गरज उरत नाही.

घरचा बांबू, घरचा कारागीर

आता पडदा कोणता? आमच्या मते आपल्या जिल्ह्यासाठी बांबूच्या चिकाला तोड नाही. बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग वनाने व्यापलेला आहे, आणि त्या वनांत मानवेल बांबू विपुल आहे. हा बांबू भरीव, चिवट, आणि त्याच्या बारीक कामट्या सरळ निघतात. सूप, टोपली, डाली विणणारी कुटुंबे आपल्या बाजारपेठांच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गोंदिया-भंडाऱ्याकडे आपण त्यांना बुरूड म्हणतो, इकडे ती बसोड म्हणून ओळखली जातात. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्ये नव्याने आखली गेली, तोवर हे सारे जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होते. पुढे सीमा पडली, नावे वेगळी राहिली. कसब मात्र दोन्हीकडे एकच आहे.

चिकाचा गुण असा, की कामट्यांच्या फटींतून वारा व मंद उजेड आत येतो, ऊन मात्र बहुतांशी बाहेर राहते. लाकडी झडपांची जी अडचण वर सांगितली, ती अशी दूर होते: झडप उघडी ठेवावी आणि बाहेर चिक सोडावा. दिवसा आतल्या माणसाला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. रात्री मात्र उलट होते. आत दिवा लागला, की चिकातून घर रस्त्याला दिसू लागते. त्यासाठी आतून साधा कापडी पडदा हवाच.

चिक घेताना चार गोष्टी पाहाव्यात. कामट्या बांबूच्या बाहेरच्या, सालीकडच्या भागाच्या असल्या तर त्या कठीण व टिकाऊ असतात. आतल्या गाभ्याच्या असल्या तर खरबरीत, मऊ, आणि लवकर मोडणाऱ्या. चिक उजेडासमोर धरावा. फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. तो जमिनीवर पूर्ण उलगडावा. कोपरे काटकोनात आले नाहीत, तर टांगल्यावर तो तिरपा गुंडाळला जातो. शेवटी त्याला हलकेच झटका द्यावा. खाली पिठासारखी बारीक भुकटी पडली, तर आत भुंगा लागला आहे असे समजून तो परत द्यावा.

हा भुंगा बांबूतल्या पिठूळ द्रव्यावर जगतो. म्हणून पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात तोडलेला पक्व बांबू घ्यावा, आणि तो काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवावा, ही जुनी रीत शास्त्राला धरून आहे. पाण्यात ते द्रव्य बरेचसे निघून जाते. तयार चिकाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. मात्र एक सावधगिरी: तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात. बांबूही जळाऊ आहे, तेव्हा चुलीजवळच्या खिडकीला चिक लावू नये.

ज्यांच्या बांधावर बांबूचे बेट आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट जाणून ठेवावी. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होत असे. २०१७ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली, आणि वनाबाहेरच्या जमिनीवर लावलेला बांबू त्या कायद्याच्या जाचातून सुटला. स्वतःचा बांबू देऊन कारागिराकडून मजुरीवर चिक विणून घेतला, तर तो आणखी स्वस्त पडतो. पण येथे आम्हांला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. दुकानात छापील किंमत निमूटपणे देणारे आपण, बसोडाच्या दारात बसून पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. बांबू चिरणे, कामट्या तासणे, एकेक कामटी दोऱ्यात गोवणे, ह्यात त्याच्या घरातल्या दोन-दोन माणसांचे दिवस जातात. स्वस्त म्हणजे दुसऱ्याच्या घामाची चोरी नव्हे. योग्य मजुरी देऊनही चिक दुकानातल्या पडद्याहून परवडतो. मग ती का देऊ नये?

चिक टांगताना खिडकीच्या वर दोन मजबूत आकडे ठोकावेत आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. वादळी वाऱ्यात तो आपटू नये म्हणून खालच्या दोन्ही टोकांना बंद असावेत. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी तो उतरवून, वाळवून, माळ्यावर ठेवावा; ओल्या चिकाला काळी बुरशी धरते. इतके केले, तर तो पुष्कळ उन्हाळे साथ देतो.

वाळा, वेल आणि कापड

वाळ्याच्या पडद्याची थोरवी आपण ऐकून आहोत. त्यावर पाणी शिंपडले, की कोरडा वारा त्यातून जाताना पाण्याची वाफ होते, त्या वाफेला लागणारी उष्णता वाऱ्यातूनच घेतली जाते, आणि सुगंधी गारवा आत येतो. मात्र त्याला तीन अटी आहेत. हवा कोरडी हवी. पावसाळी दमटपणात तो निरुपयोगी. वारा वाहता हवा, म्हणजे समोरच्या भिंतीत वाट हवी. आणि पाणी हवे. ज्या गावी बायकांना विहिरीवर रांग लावावी लागते, तेथे ही चैन शोभत नाही. रोग्याच्या खोलीला एकच लहान पडदा असला तरी पुष्कळ होते. परवडत नसेल, तर स्वच्छ धुतलेले गोणपाट ओले करून टांगावे. सुगंध नसेल, गारवा येईल. पडद्याखाली पाण्याचे भांडे ठेवल्यास ते रोज रिकामे करावे, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो.

सर्वांत स्वस्त सावली मात्र वेलीची. पश्चिमेच्या खिडकीपुढे दोन-तीन हातांवर बांबूचा ताटवा उभारावा आणि त्यावर तोंडलीचा वेल सोडावा. तोंडली एकदा लावली की काही वर्षे टिकते. भांडी-तांदूळ धुतलेले पाणी तिच्या मुळाशी घातले, तर सावलीबरोबर भाजीही मिळते. कारले, दोडकाही चालतो. पण वैशाखात पाने हवी असतील तर बी वेळेवर, हिवाळा ओसरताच लावले पाहिजे.

आतल्या पडद्यासाठी महाग कापड नको. मांजरपाट किंवा हातमागाचे सुती कापड उत्तम. आपल्याच जिल्ह्यातील वारासिवनीचे विणकर कित्येक पिढ्या हातमाग चालवीत आले आहेत, आणि तेथल्या हातमागाच्या साडीला व कापडाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जुनी, मऊ झालेली सुती साडी तर घरोघरी असते. तिचे दोन चांगले पडदे होतात. नवे कापड असल्यास खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट घ्यावे, म्हणजे चुण्या नीट पडतात. आणि शिवण्यापूर्वी एकदा धुवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते वीतभर आखडते. रंग फिकट ठेवावा.

आणि हे सारे करूनही रात्री खिडक्या बंद ठेवल्या, तर श्रम फुकट. सूर्य मावळून बाहेरचा वारा निवला, की समोरासमोरच्या खिडक्या डासांची जाळी लावून उघडाव्यात, आणि सकाळी ऊन चढण्याआधी झडपा ओढून चिक सोडावा.

दोरीची गोष्ट

शेवटी त्या साखळीकडे येतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या माहितीनुसार त्या देशात पाच वर्षांपर्यंतची सरासरी सुमारे ९ मुले दरवर्षी खिडकीच्या पडद्यांच्या दोऱ्यांनी गळफास बसून दगावतात. आवाज होत नाही, आई शेजारच्या खोलीत असते, आणि काही मिनिटांतच सारे संपते. ह्याच कारणास्तव डिसेंबर २०१८ पासून तेथे दुकानात तयार मिळणारे पडदे दोरीविना, अथवा मुलांचा हात पोचणार नाही अशा दोरीचे असावेत, असा दंडक लागू झाला. आपल्या चिकालाही दोरी असते, हे विसरू नये. तेव्हा लांबती दोरी किंवा गोल साखळी कदापि ठेवू नये. चिक गुंडाळून वर दोन बंदांनी बांधावा, हे सर्वांत निर्धोक. दोरी लागतच असेल, तर ती बाहेरच्या बाजूस, मोठ्या माणसाच्या डोक्याहून उंच खुंटीला आवळून बांधावी. आणि खाट, पाळणा, बाक खिडकीला लागून ठेवू नये.

आठ दिवसांनी आम्ही त्याच घरी पुन्हा गेलो. हप्त्याचे पडदे परत घेण्यास दुकानदार राजी झाला नव्हता. ते पैसे गेले ते गेलेच. परंतु चारही बाकीच्या खिडक्यांच्या साखळ्या वर खिळ्याला आवळून बांधलेल्या होत्या, आणि पश्चिमेच्या खिडकीचा तुकतुकीत पडदा उतरवलेला होता. बाहेर नवा, पिवळसर चिक डोलत होता. खाट आतल्या भिंतीकडे सरकली होती, आणि नातू तिच्याखाली आपली लाकडी बैलगाडी ओढीत होता. खोली काही पहाटेसारखी गार झाली नव्हती. वैशाख तो वैशाखच. पण आजी भर दुपारी शांत झोपली होती.

सून हलक्या आवाजात म्हणाली, “भाऊ, बसोडकाका म्हणत होते, पुढे कधीतरी बांबू तुमच्याच बांधावरचा आणा. यंदा पावसाळ्यात दोन बेटं लावायची ठरवली आहेत.”

आम्ही चहा घेतला, आणि आजी जागी होऊ नये म्हणून पाऊल न वाजवता बाहेर पडलो.